थयथयाटाला ताल

मराठी घरात राग आला की आधी भांडी वाजतात. मग दार. मग पाय. शब्द सगळ्यात शेवटी येतात, आणि पुष्कळ घरांत ते येतच नाहीत. पोळीवर लाटणं एकदम दाबून फिरू लागतं, वाळत घालायचे कपडे गरजेपेक्षा जास्त झटकले जातात, लहान पोर तर सरळ जमिनीवर लोळण घेऊन टाचा घासतं. राग मनात असतो असं आपण धरून चालतो. ज्याला तो येतो त्याला मात्र तो जबड्यात, मुठीत, मानेच्या मागे आणि पोटऱ्यांत जाणवतो.

अंगात भरलेला राग अंगानेच बाहेर काढावा, हा विचार मग ओघाने येतो. त्याचा आता धंदाही झाला आहे. बंगळुरू-हैदराबादेत पैसे भरून जुने टीव्ही आणि बाटल्या फोडायच्या खोल्या निघाल्या. पुण्या-मुंबईत सुटीच्या दिवशी ‘राग मोकळा करा’ छापाची नाच-शिबिरं भरतात. डोळ्यांवर पट्टी, कानठळ्या बसवणारे ड्रम, हवं तसं अंग झोकून द्या, ओरडा, उशा बडवा, मग आडवे पडा. बाहेर येणाऱ्यांचे चेहरे लाल आणि प्रसन्न असतात. ‘एकदम हलकं वाटलं’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी.

हलकं वाटत असणारच. राग गेला का, हा प्रश्न वेगळा आहे.

कुकरची शिट्टी

रागाबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर कुकर असतो. आत वाफ कोंडली आहे; शिट्टी होऊ दिली नाही तर झाकण उडेल. या समजुतीला मोठमोठ्यांचा टेकू मिळत आला. अॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या संदर्भात भावनांच्या विरेचनाची कल्पना मांडली. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी उन्मादाच्या रुग्णांवरच्या पुस्तकात दबलेली भावना मोकळी करण्याचा उपचार सांगितला. १९७० साली आर्थर यानोव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं किंकाळी-उपचारावरचं पुस्तक आलं आणि ओरडून मोकळं होण्याची तिकडे फॅशनच झाली.

प्रयोगशाळेत मात्र हे गणित जमलं नाही. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. ६०० विद्यार्थी, निम्मी मुलं, निम्म्या मुली. प्रत्येकाने एक निबंध लिहिला. तो परत आला तो वाईट गुण आणि अपमानास्पद शेरा घेऊन. सगळे पुरेसे चिडल्यावर त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने बॉक्सिंगची पिशवी बडवायची, आणि बडवताना तो शेरा मारणारा माणूस डोळ्यांपुढे आणायचा. दुसऱ्यानेही बडवायची, पण मनात विचार व्यायामाचा, तब्येत कमावण्याचा. तिसऱ्याने काहीच करायचं नाही, दोन मिनिटं गप्प बसायचं. मग प्रत्येकाला त्या टीकाकाराच्या कानात कर्कश आवाज सोडण्याची संधी दिली. किती मोठा आणि किती वेळ, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

माणूस डोळ्यांपुढे ठेवून पिशवी बडवणारे सर्वांत जास्त संतापलेले राहिले आणि संधी मिळताच त्यांनीच जास्त सूड उगवला. सर्वांत निवळलेले कोण? नुसते बसून राहिलेले.

२०२४ साली सोफी क्येर्विक आणि बुशमन यांनी या विषयावरचे १५४ अभ्यास एकत्र करून तपासले. सगळे मिळून १०,१८९ माणसं. संथ श्वसन, ध्यान, स्नायू एकेक करून सैल सोडणं, योगासनं अशा, अंगातली धग उतरवणाऱ्या गोष्टींनी राग उतरला होता. धग वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरला नव्हता; जॉगिंगने तर वाढला होता. चेंडूचे खेळ मात्र याला अपवाद निघाले. धावपळ तीच, घाम तोच, पण राग कमी. खेळातली मजा त्याला कारण असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

हे वाचल्यावर नाचाची बाजू लंगडी पडायला हवी. नाचातही छाती धडधडते, अंग तापतं. मग इतक्या ठिकाणी, इतक्या पिढ्या, संतापलेली माणसं नाचत का आली? ती सगळीच चुकत होती असं मानायला मन तयार होत नाही. आणि चेंडूच्या खेळांचा तो अपवाद डोक्यातून जात नाही.

लॉस एंजेलिसचं रिंगण

३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला रस्त्यावर बेदम मारलं. जवळच्या बाल्कनीतून एकाने ते चित्रित केलं आणि जगाने ते पाहिलं. २९ एप्रिल १९९२ ला ज्यूरीने त्या पोलिसांना जवळपास सर्व आरोपांतून मोकळं केलं. शहर पेटलं. साठाहून जास्त माणसं मेली, सुमारे शंभर कोटी डॉलरचं नुकसान झालं. १९६५ साली याच शहराचा वॉट्स भाग असाच जळला होता. म्हणजे बापाचा राग पोरापर्यंत पोहोचला होता.

त्याच १९९२ साली थॉमस जॉन्सन हा माणूस मुलांच्या वाढदिवसांना विदूषक बनून नाचू लागला. रंगवलेला चेहरा, झगमगीत टोप, हिपहॉपची गाणी. ‘टॉमी द क्लाउन’ गल्लीबोळांत प्रसिद्ध झाला आणि त्याच्यामागे पोरांची रांग लागली. टोळीत जायचं नसलेल्या मुलाला संध्याकाळी जायला एक जागा झाली. पण वाढदिवसाच्या हसऱ्या नाचात सगळ्यांच्या पोटातलं मावेना. २००० च्या सुमारास त्याच्याच मुलांतले दोघे, ‘टाइट आइज’ म्हणून ओळखला जाणारा सीझर विलिस आणि ‘बिग मिजो’ म्हणजे जो’आर्टिस रॅटी, वेगळे झाले. त्यांनी घडवलेल्या नाचाचं नाव क्रम्प.

क्रम्प पहिल्यांदा पाहणाऱ्याला मारामारी चालली आहे असंच वाटतं. डेव्हिड लाशापेल यांनी २००५ साली त्यावर ‘राइज’ हा माहितीपट केला, तेव्हा चित्रफितीचा वेग कुठेही वाढवलेला नाही, असा खुलासा त्यांना सुरुवातीलाच करावा लागला. पाय जमिनीत खिळा ठोकावा तसा आपटतो. छाती आतून कोणी धक्का दिल्यासारखी पुढे उसळते. हात खांद्यापासून भिरकावला जातो, ठोसा निघतो, चेहरा वेडावाकडा होतो. मध्येच भोवतालचे एकदोघे नाचणाऱ्याला ढकलतात, तो आणखी चेवाने परततो.

दोनचार वेळा पाहिलं की त्यातली शिस्त दिसू लागते. सगळे रिंगण करून उभे असतात. आत एका वेळी एकजण. पाय आपटणं, छातीचा झटका, हाताची फेक आणि ठोसा ही मुळाक्षरं. ती घटवायला वर्षं जातात. नवख्याचा ठोसा नुसताच सुटतो. मुरलेल्याचा ठोसा पूर्ण जोराने निघून नेमक्या ठोक्यावर हवेत थांबतो, आणि सगळं कसब त्या थांबण्यात असतं. भोवतालचे ओरडून चढवत राहतात. आतल्याचं चांगलं चाललं आहे की तो भरकटला, हे त्यांच्या आवाजावरून त्याला कळतं. प्रत्येक गटाला ‘फॅम’ म्हणतात. त्यात थोरला ‘बिग’, त्याचा शागीर्द ‘लिल’, आणि शागिर्दाला थोरल्याचं नाव लावायला मिळतं. डाव झाला की दुसरा आत येतो आणि पहिल्याला उत्तर देतो.

बुशमनच्या पहिल्या गटाने काय केलं होतं? शत्रूचा चेहरा समोर धरला होता, आणि हात काय करतोय याला काही नियम नव्हता. क्रम्पच्या रिंगणात नियम इतके आहेत की चेहऱ्याला जागाच राहत नाही. ठोका चुकवायचा नाही, समोरच्याला लागू द्यायचं नाही, मागच्याने केलं त्याहून वेगळं करायचं. राग आत येतो, पण त्याला कामाला लावलं जातं. चेंडूचा खेळ आणि क्रम्प यांचं नातं इथे आहे. दोन्हींत डोकं गुंतलेलं असतं, आणि दोन्हींत सोबतीला माणसं असतात.

पुढे हा नाच पॅरिसच्या ऑपेरात पोहोचला. १७३५ सालच्या रामोच्या ‘ले आंद गालांत’ या ऑपेराच्या संगीतावर क्लेमां कोजितोर यांनी २०१७ साली क्रम्पची छोटी फिल्म केली. २०१९ साली बास्तीलच्या रंगमंचावर बिंतू देंबेले यांच्या नृत्यरचनेत पूर्ण प्रयोग झाला. दंगलीच्या धगीतून उठलेला नाच राजदरबारी संगीतावर चपखल बसला. तो नुसता उद्रेक असता तर बसला नसता.

उदाचा धूर

आपल्याकडे यायला फार लांब जावं लागत नाही. आश्विन शुद्ध अष्टमीच्या रात्री कोकणस्थांकडे महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा केलेली, साडी नेसवलेली देवी उभी असते. घागरीत उदाचा धूर धरतात. बाई घागर दोन्ही हातांनी तोंडाशी नेते आणि काठावरून आत फुंकर घालते. पोकळीतून घुमारा उठतो आणि त्याच्या लयीवर पावलं पडू लागतात. रात्र चढते तशी लय चढते. वेगाने चाललेला श्वास, धूर, एकसुरी घुमणं, दिवसभराचा उपास. एखादीच्या अंगात येतं. केस सुटतात, घागर थांबत नाही, आवाज बदलतो. मग घरातली मोठी माणसं हात जोडून तिला प्रश्न विचारतात. वर्षभर जिला कोणी ‘तुला काय वाटतं?’ म्हणून विचारलेलं नसतं, तिच्यासमोर त्या रात्री सगळे वाकतात.

अंगात येण्यात दैवी काही नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं आणि ते बरोबरच आहे. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. बाईच्याच अंगात इतकं का येतं, आणि आल्यावर ती बहुतेकदा रागावलेलीच का असते, हे उरतंच.

मंगळागौर याची हसरी बहीण. तिथे देवी अंगात येत नाही, पण सासू येते. डोंबिवलीतल्या एका सभागृहात मंगळागौरीचे कार्यक्रम करणाऱ्या एका गटाची तालीम पाहायला गेले होते. पंचविशीपासून साठीपर्यंतच्या बायका, पंजाबी ड्रेसवर कमरेला ओढण्या खोचलेल्या. नऊवारी फक्त कार्यक्रमाच्या दिवशी. गट चालवणाऱ्या काकू सत्तरीच्या घरातल्या, खुर्चीवर बसून हाताने ठोका देत होत्या.

‘‘सासू-सून घ्या,’’ त्या म्हणाल्या. दोन ओळी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीकडून आरोप, दुसरीकडून उलट उत्तर. कमरेवर हात, मान वेळावून, पाय आपटत पुढे यायचं, आपटत मागे जायचं. एका बँकेत अधिकारी असलेली बाई सासूच्या ओळीत होती आणि तिचं पाऊल इतरांहून खणखणीत पडत होतं. चहाच्या वेळी म्हणाली, ‘‘मला सासू नाहीच. पण साहेब आहे ना! सोमवारी तालीम असली की शुक्रवारपासून जमा झालेलं सगळं इथे येतं.’’

‘‘म्हणून तर ही फुगडीत पडते,’’ काकू हसत म्हणाल्या. ‘‘अगं, रागाने फुगडी होत नाही. एकीने जास्त ओढलं की दोघी गेल्या.’’

फुगडी त्यांनी मला जवळून दाखवली. दोघींनी हातांची अढी घालून एकमेकींचे हात पकडायचे. पावलं एकमेकींच्या पावलांना भिडलेली, चवडे एका जागी. मग दोघींनी मागे झुकायचं, दंड सरळ होईपर्यंत. आता कोणीही स्वतःच्या पायावर उभी नाही. जी ती समोरचीच्या वजनावर तोललेली. या अवस्थेत गिरकी सुरू होते. गोव्यात आणि दक्षिण कोकणात याच्या जोडीला तोंडाने फू-फू करत श्वासावर ताल धरतात. फुगडीत जोर लागतो, पण दोघींचा सारखा. रागावलेल्या बाईला जोर असतोच. तो समोरचीच्या जोराइतका करायला तिला आपोआप स्वतःकडे पाहावं लागतं.

‘नाच गं घुमा’चा खेळ घ्या. तिथे बाईला नाच म्हणतात आणि ती एकेक तक्रार सांगत राहते : हे नाही, ते नाही, मग नाचू कशी? तक्रार संपत नाही आणि नाचही थांबत नाही. माधवी देसाईंनी आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिलं. काय काय गिळून बाई नाचत असते, हे मराठी वाचकाला त्या नावावरूनच समजलं.

एकत्र, एका ठोक्यावर हलण्याने काय होतं, याचाही अभ्यास झाला आहे. ब्रॉनविन टार आणि रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१५ साली ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी एकसारख्या हालचालींनी नाचायचं, काहींनी वेगवेगळ्या. काहींनी दमछाक होईल असं, काहींनी बसल्या जागी. नाचाच्या आधी आणि नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदना किती सोसते ते मोजलं. एकतालात नाचणाऱ्यांची सोसण्याची ताकद वाढली होती आणि दमून नाचणाऱ्यांचीही. दोन्हींमुळे मुलांना सोबतच्यांविषयी जवळीकही जास्त वाटू लागली होती. रागावलेला माणूस सहसा एकटा पडलेला असतो. झिम्मा त्याला आधी त्यातून बाहेर ओढतो.

याची काळी बाजूही डोळ्यांआड करू नये. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेपुढे तासन् तास उड्या मारणाऱ्या पोरांची धक्काबुक्की हाणामारीवर कशी जाते, हे प्रत्येक शहराने पाहिलं आहे. तिथे ठोका असतो, पण रिंगण नसतं. कोण आत, कोण बाहेर, कोणाचा डाव कधी संपला, काही ठरलेलं नसतं. त्याच मिरवणुकीत ढोल-ताशा पथकातलं पोर तितकंच दमतं. पण त्याला हात एकसाथ उचलायचा असतो आणि ताशाचा इशारा झाला की थांबायचं असतं.

कोळ्याचा दंश

इटलीच्या टाचेवर सालेन्तो नावाचा प्रदेश आहे. ऊन, ऑलिव्ह, गहू आणि तंबाखूची शेती. तिथे शतकानुशतकं एक समजूत होती : जूनमध्ये कापणीच्या वेळी तारान्ता नावाचा कोळी चावतो, आणि ते विष फक्त नाचून उतरतं. चावा बहुतेक वेळा बायकांनाच, त्यातही गरीब शेतमजूर बायकांना.

एर्नेस्तो दे मार्तिनो हा इटालियन अभ्यासक १९५९ च्या उन्हाळ्यात तिथे गेला. बरोबर मानसोपचारतज्ज्ञ होता, दिएगो कार्पितेल्ला हा लोकसंगीताचा अभ्यासक होता. १९६१ साली त्यावरचं पुस्तक आलं. त्यातलं घर डोळ्यांसमोर उभं राहतं. जमिनीवर पांढरी चादर पसरलेली. कोपऱ्यात व्हायोलिन, ॲकॉर्डियन, गिटार आणि डफ. व्हायोलिन वाजवणारा लुइजी स्टिफानी पेशाने न्हावी, नार्दो गावचा. चादरीवर बाई पडलेली. डफ सुरू झाला की ती आधी पाठीवर सरपटते, टाचा आपटते. मग उठते, चादरीच्या कडेने धावते, उड्या मारते, पुन्हा कोसळते. भोवती रंगीत फिती टांगलेल्या. त्यातली एखादी ती हिसकावून घेते. तासन् तास, कधी दिवसच्या दिवस. वादकांचे पैसे घरच्यांनी द्यायचे, त्यापायी कर्जही व्हायचं. मग २९ जूनला, संत पीटर आणि पॉल यांच्या सणाला, या बायका गालातीना गावच्या सेंट पॉलच्या चॅपेलमध्ये यायच्या.

त्या भागात विषारी कोळी आहेत, हे खरं. पण ज्या घरांत खरा कोळी कोणी पाहिलाच नव्हता, तिथेही ‘चावा’ होता, आणि तो दर वर्षी त्याच मोसमात पुन्हा उठायचा. दे मार्तिनोने बायकांच्या कहाण्या लिहून घेतल्या. पुस्तकात ‘नार्दोची मारिया’ म्हणून येणारी बाई मनासारखं लग्न होऊ न शकलेली आणि नको त्या लग्नात ढकलली गेलेली. पहिला दंश त्याच सुमारास. ज्याच्याबद्दल ती बोलू शकत नव्हती, ते कोळ्याच्या नावावर खपत होतं. गावाने तिला ओरडायला, लोळायला, पुरुषांसमोर केस सोडून नाचायला परवानगी दिली होती, कारण ते ‘ती’ करत नव्हती. विष करत होतं.

पण दे मार्तिनोच्या नोंदींतली सगळ्यात झोंबणारी गोष्ट म्हणजे ते दरवर्षीचं परतणं. जूनमध्ये नाचून विष उतरलं तरी घर तेच, नवरा तोच, तंबाखूचं शेत तेच. पुढच्या जूनमध्ये कोळी पुन्हा चावतो.

आज तिथे दर ऑगस्टमध्ये मेल्पिन्यानो गावात ‘तारान्ताची रात्र’ हा मोठा संगीत महोत्सव भरतो. १९९८ पासून भरतो आहे. हजारो माणसं डफाच्या तालावर नाचतात. चादर राहिली नाही.

वॉर्डातला नाच

राग नाचातून हाताळण्याचं काम दवाखान्यात व्यवस्थित सुरू झालं ते १९४२ साली, वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात. मॅरियन चेस ही मूळची नर्तकी. युद्धातून मन मोडून परतलेले सैनिक, वर्षानुवर्षं न बोललेले रुग्ण. ती रेकॉर्ड लावायची आणि आधी पाहायची. कोणी मूठ हवेत आपटत असेल तर ती त्याला थांबवायची नाही आणि भडकवायचीही नाही. तीच हालचाल स्वतः करायची, त्याच्या लयीत. मग ती हळूहळू इतरांपर्यंत न्यायची, गोल करायची, मुठीचा फटका सगळ्यांचा ठेका व्हायचा. शेवटी लय उतरवत, हात धरून, सावकाश थांबायचं. १९६६ साली अमेरिकी नृत्योपचार संघटना स्थापन झाली, तेव्हा तिची पहिली अध्यक्ष चेसच होती.

पुण्याला मात्र काही वर्षांनी वेगळंच काही पाहायला मिळालं. रजनीशांनी १९७० साली मुंबईत सुरू केलेलं ‘डायनॅमिक मेडिटेशन’ १९७४ नंतर कोरेगाव पार्कात रोज पहाटे चालू लागलं आणि गावात त्याच्या सुरस कथा पसरल्या. कथांत असायचा तो फक्त आरडाओरडा. प्रत्यक्षात त्या एका तासात वेडंवाकडं ओरडायला, रडायला, आपटायला दहाच मिनिटं असतात. त्याआधी दहा मिनिटं जोराचा श्वास, नंतर दहा मिनिटं हात वर करून उड्या, मग पंधरा मिनिटं आहे त्या स्थितीत पुतळ्यासारखं थांबणं आणि शेवटी पंधरा मिनिटं नाच. रजनीशांबद्दल कोणाचं काहीही मत असो, या तासाला घडण आहे हे नाकारता येत नाही. आजच्या शिबिरांनी त्यातली ओरडण्याची दहा मिनिटं तेवढी उचलली आणि थांबणं सोडून दिलं.

भारतात हे काम गंभीरपणे करणाऱ्यांत कोलकात्याच्या ‘संवेद’चं नाव घ्यावं लागतं. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली ही संस्था उभी केली. देहव्यापारातून सुटलेल्या मुलींबरोबर त्यांनी नृत्योपचाराची पद्धत घडवली. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीने या विषयाची पदविकाही सुरू झाली. ज्या मुलीचं शरीर इतरांनी वापरलं, तिला ‘नाच’ म्हणणं हीच अवघड गोष्ट. म्हणून सुरुवात नाचाने होत नाही. श्वास, चालणं, आपल्याभोवती हाताने आखलेली जागा यांनी होते. ज्या मुली शिकायला आल्या, त्यांतल्या काही पुढे शिकवू लागल्या.

अशा वर्गांत रागाशी गाठ घालण्याच्या रीती साध्या असतात. दोघांनी तळवे भिडवून एकमेकांना रेटायचं, पण दोघांपैकी कोणी हलायचं नाही. एक हालचाल शक्य तितकी मोठी करायची, मग तीच बोटाएवढी करायची. पाय आपटायचा, पण आठ मोजून, आणि आठव्याला थांबायचं. शेवट ठरलेला असतो. जुनी जखम घेऊन आलेल्या माणसाला अंधारात, मोठ्या आवाजात ‘सोडून दे स्वतःला’ म्हणणं आणि तासाभराने रिक्षात बसवून घरी पाठवणं धोक्याचं आहे. उघडलेलं मिटवता येईल असा प्रशिक्षित माणूस समोर नसेल तर शिबिराच्या पाटीला भुलू नये.

रागाला असं शिस्तीत बसवणं आपल्या नाट्यशास्त्राला कधीच परकं नव्हतं. तिथे क्रोध हा स्थायीभाव आणि रौद्र हा त्याचा रस. त्याचा रंग तांबडा. कथकळीचा नट प्रवेशाआधी वांग्याच्या कुळातल्या एका झाडाचा फुलातला कोवळा कण पापणीखाली ठेवतो आणि डोळे लालबुंद होतात. दुःशासनाची छाती फोडणारा भीम रंगमंचावर थरकाप उडवतो, पण नटाची मुद्रा चुकत नाही, चेंडा या ढोलावरचा ठोका सुटत नाही. तो स्वतः संतापला तर प्रयोग कोसळेल.

रागाचा पत्ता

इथवर आलं की उत्तर सापडल्यासारखं वाटतं. ठोका, रिंगण, सोबत आणि ठरलेला शेवट असेल तर नाच रागाला आवरतो. पण सालेन्तोच्या बायका मनातून जात नाहीत. त्यांच्याकडे हे सगळं होतं, तरी कोळी दर वर्षी चावत होता.

मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या विधींबद्दल एक नाठाळ मुद्दा मांडला होता. ठरावीक दिवशी बायका पुरुषांसारखं वागतात, प्रजा राजाला शिव्या देते. ते बंड दिसतं, पण त्याने व्यवस्था मोडत नाही, उलट पक्की होते. एक दिवस बोंबलू दिलं की उरलेलं वर्ष शांत. आपला शिमगा याहून काय वेगळा आहे?

रागाचे दोन प्रकार करायला हवेत. उन्हातली लोकल, तुंबलेला रस्ता, कोणाचा तरी तिरका शब्द यांतून आलेला राग खेळात विरून गेला तर उत्तमच. अन्यायातून आलेला राग मात्र विरून जावा असं म्हणणाऱ्याकडे जरा संशयाने पाहावं. त्या रागाला शिस्त हवी, म्हणजे तो बापुड्यांवर फुटणार नाही. आणि पत्ता हवा, म्हणजे तो योग्य दारात पोहोचेल.

१४ नोव्हेंबर २०२४ ला न्यूझीलंडच्या संसदेत माओरींच्या जुन्या कराराचा अर्थ बदलू पाहणारं विधेयक मतदानाला आलं. तिथली सर्वांत तरुण खासदार, बावीस वर्षांची हाना-राफिती माइपी-क्लार्क, उभी राहिली, विधेयकाची प्रत फाडली आणि तिने हाका हा माओरी नाच सुरू केला. विस्फारलेले डोळे, मांड्यांवर थाप, जमिनीत रुतणारं पाऊल. दुसरे खासदार सामील झाले, गॅलरी सामील झाली, कामकाज थांबवावं लागलं. कोणाला हात लागला नाही. तरी ‘घाबरवलं’ म्हणून पुढच्या जूनमध्ये तिला सात दिवस आणि तिच्या पक्षाच्या दोन नेत्यांना एकवीस दिवस निलंबित केलं. विधेयक त्याआधीच, एप्रिल २०२५ मध्ये, ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं होतं. ते काही नाचामुळे पडलं नाही. त्यामागे मोर्चे होते, हजारो हरकती होत्या. पण तो राग कोणाला उद्देशून आहे, याबद्दल त्या सभागृहात कोणाच्या मनात शंका राहिली नाही.

क्रम्प घडवणाऱ्या दोघांपैकी जो’आर्टिस रॅटी २०२० साली, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या निदर्शनांत, सांता मोनिकात शिरस्त्राणं घालून उभ्या असलेल्या पोलिसांच्या रांगेसमोर जाऊन नाचला. गल्लीतलं रिंगण त्याने जिथे न्यायला हवं होतं तिथे नेलं होतं.

तेव्हा नाच-शिबिरात नाव घालण्याआधी, किंवा घरातली मंगळागौर थाटात साजरी करण्याआधी, एवढं स्वतःला विचारावं, की हा नाच कोणाच्या सोयीचा आहे? मंगळवारी रात्रभर सासूच्या नावाने पाय आपटू द्यायचे आणि बुधवारी सकाळी सुनेने सहा वाजता डबे भरायला उभं राहायचं, याला परंपरेचं कौतुक म्हणतात. त्या रात्री झिम्म्याच्या मिषाने जे बोललं गेलं, त्यातलं एखादं वाक्य घरात कोणी ऐकून ठेवलं असेल, तर खेळाचं चीज झालं. मंगळागौरीची परीक्षा बुधवारी असते.